खोक्यामागची माणसं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

आमचं गाव कुंडलिका नदीनं दोन भागांत वाटलेलं आहे. एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा जालना. जुन्या जालन्यात माझ्या मामूंचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट सांगतोय. मी बी.ए. होऊन बसलो होतो, नोकरीचा पत्ता नव्हता. दुपारी मामूंच्या दुकानात जायचं, त्यांना वायरी धरून द्यायच्या आणि गिऱ्हाईक नसलं की वहीत कविता लिहायच्या, असा माझा दिनक्रम होता.

एकदा मामूंनी मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून, एक खोकं आणलं. पांढऱ्या-लाल प्लॅस्टिकचं, पाटीपेक्षाही लहान. त्याला दोन वायरी, वायरींच्या टोकाला दोन रिमोट आणि वरच्या खाचेत खुपसायची एक पिवळी कॅसेट. ते टीव्हीला जोडलं. ट्यूनिंगचं बटण फिरवता फिरवता पडद्यावरच्या मुंग्या गेल्या आणि एक मिशाळ, टोपीवाला माणूस टणाटण उड्या मारायला लागला. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मागच्या खोलीवर पाटी लागली, ‘टीव्ही गेम, तासाला ५ रुपये’. आठवडाभरात नदीपलीकडची पोरंही पूल ओलांडून यायला लागली. खोलीच्या दारात चपलांचा ढीग पडायचा.

एक दिवस खोकं बंद पडलं. पोरं रडकुंडीला आली. मामूंनी स्क्रू काढून झाकण उघडलं आणि ते बघतच राहिले. रेडिओ उघडला की आत कंडेन्सर, ट्रान्झिस्टर, कॉइल असा सगळा संसार मांडलेला दिसतो. इथं मात्र एक लहानशी हिरवी पट्टी आणि तिच्यावर डांबराच्या थेंबासारखा एक काळा ठिपका. बाकी जवळजवळ काहीच नाही. मामू म्हणाले, ‘‘इसमें तो कुछ हैच नहीं रे!’’ बिघाड साधा होता. करंट आणणाऱ्या वायरीचा टाका सुटला होता. तो त्यांनी पुन्हा लावला. मग खोकं उलटसुलट करून पाहिलं. कंपनीचं नाव नाही, देशाचं नाव नाही, काहीच नाही. ‘‘बनाया किसने इसको?’’ त्यांनी मला विचारलं. मी काय सांगणार!

या प्रश्नाचं उत्तर हळूहळू, पुढची कितीतरी वर्षं, वाचता वाचता मिळत गेलं. मी कविता लिहिणारा माणूस. आमच्याकडे गझलेच्या शेवटच्या शेरात, म्हणजे मक्त्यात, शायर आपलं तखल्लुस गुंफतो. मराठी अभंगातही शेवटी संतांची नाममुद्रा येते. ज्यानं केलं त्याचं नाव त्या कृतीतच राहतं. मग ज्या खोक्यानं आमच्या गल्लीतली पोरं वेडी केली, त्याचा मक्ता कुठे आहे? त्याचीच ही गोष्ट.

आधी हे खोकं करतं काय ते पाहू. इंग्रजीत त्याला कन्सोल म्हणतात. साधा टीव्ही हा ऐकणारा आणि पाहणारा असतो. केंद्रावरून लहरी येतात, तो त्यांचं चित्र करून दाखवतो. आपण त्याला काही सांगू शकत नाही. हे खोकं म्हणजे घरातलंच एक चिमुकलं प्रक्षेपण केंद्र. ते स्वतः चित्राच्या लहरी तयार करतं आणि टीव्हीला देतं. फरक एवढाच, की या केंद्राचा कार्यक्रम तुमच्या अंगठ्यावर चालतो. बटण दाबलं की चित्र बदलतं. टीव्हीला हुकूम देता येतो, ही कल्पनाच मुळात कुणाला तरी सुचावी लागली.

ती ज्यांना सुचली त्यांचं नाव राल्फ बेअर. जन्म १९२२ चा, जर्मनीतला. घराणं ज्यू. हिटलरच्या राजवटीत शाळा सुटली आणि १९३८ मध्ये कुटुंब जीव वाचवून अमेरिकेला गेलं. तिथं या मुलानं टपालानं येणारा रेडिओ दुरुस्तीचा अभ्यासक्रम केला आणि न्यूयॉर्कमध्ये रेडिओ दुरुस्त करून पोट भरलं. हे वाचलं तेव्हा मला मामूच आठवले. त्यांचंही शिक्षण असंच, टपालानं आलेल्या पुस्तकांवरचं. पुढे बेअर सैन्यात गेले, परत येऊन टेलिव्हिजनचे इंजिनिअर झाले. १९५१ मध्येच त्यांनी साहेबांना सुचवलं होतं, की टीव्हीत एखादा खेळ घालू या. साहेबांनी कानाआड केलं.

पंधरा वर्षांनी, १९६६ च्या ऑगस्टअखेरीस, बेअर न्यूयॉर्कच्या एका बस स्थानकाबाहेर सहकाऱ्याची वाट पाहत होते. तिथं ती जुनी कल्पना पुन्हा डोक्यात आली. १ सप्टेंबर १९६६ रोजी त्यांनी चार पानांचं टिपण लिहून काढलं. तेव्हा ते सँडर्स असोसिएट्स या संरक्षण सामग्री बनवणाऱ्या कंपनीत होते. लष्करासाठी काम करणाऱ्या कंपनीत खेळणं कोण करू देणार? पण वरिष्ठांनी २५०० डॉलर मंजूर केले. २००० मजुरीचे, ५०० सामानाचे. बिल हॅरिसन हे तंत्रज्ञ आणि बिल रश हे इंजिनिअर त्यांच्या जोडीला आले. दोन खेळाडूंच्या मधला चेंडू यंत्रानं हलवायचा, ही गोष्ट रश यांच्या डोक्यातून निघाली. शेवटी जे यंत्र तयार झालं त्याला लाकडासारखा दिसणारा तपकिरी चिकट कागद लावला होता. म्हणून त्याचं नावच पडलं ‘तपकिरी खोकं’.

मॅग्नावॉक्स या टीव्ही कंपनीनं त्याचा परवाना घेतला आणि सप्टेंबर १९७२ मध्ये ते ‘ओडिसी’ या नावानं बाजारात आणलं. त्यात कॉम्प्युटर नव्हता. सुमारे ४० ट्रान्झिस्टर आणि तितकेच डायोड, म्हणजे मामूंना सहज दुरुस्त करता आलं असतं असं यंत्र. आवाज नव्हता, रंग नव्हते. पडद्यावर फक्त पांढरे ठिपके. मैदानाचं चित्र छापलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा टीव्हीच्या काचेवर चिकटवायचा आणि गुण वहीत लिहायचे!

त्याच वर्षी मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या एका हॉटेलात या यंत्राचं प्रात्यक्षिक झालं. पाहायला आलेल्यांत नोलन बुशनेल नावाचे एक तरुण गृहस्थ होते. त्यांनी लवकरच अटारी नावाची कंपनी काढली आणि ॲल अल्कॉर्न या इंजिनिअरकडून टेबल टेनिसचाच खेळ करून घेतला. तो म्हणजे ‘पाँग’. नाणं टाकून खेळायचं हे यंत्र एका बारमध्ये ठेवलं. काही दिवसांनी ते बंद पडल्याची तक्रार आली. अल्कॉर्ननी जाऊन उघडलं, तर बिघाड काहीच नव्हता. नाण्यांचा डबा भरून ओसंडून वाहत होता.

पुढे मॅग्नावॉक्सनं अटारीवर दावा लावला. तेव्हा कामाला आली ती त्या हॉटेलातली पाहुण्यांची वही. तिच्यात बुशनेल यांची सही होती! बेअर यांचीही कागद जपून ठेवण्याची शिस्त होती. प्रत्येक टिपणावर तारीख. १९७६ मध्ये अटारीनं पैसे भरून परवाना घेतला. बेअर यांना पुढे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते राष्ट्रीय पदक मिळालं. ६ डिसेंबर २०१४ रोजी ते वारले, तेव्हा ‘व्हिडिओ गेमचे जनक’ म्हणून जगभर त्यांचं नाव छापून आलं. तारीख आणि सही यांची ही किंमत. मामूंनाही ही सवय होती. दुरुस्त केलेल्या प्रत्येक सेटच्या झाकणाला आतून पेन्सिलीनं तारीख आणि आपल्या नावाचं पहिलं उर्दू अक्षर लिहायचं. ‘‘महिन्याभरात परत आला तर पैसे घ्यायचे नाहीत, म्हणून लक्षात राहावं,’’ असं ते म्हणायचे.

आता कॅसेटकडे वळू. आपल्याकडे तिला सगळे कॅसेटच म्हणायचे. तिच्यात टेप मात्र नसते, चिप असते. सुरुवातीच्या यंत्रांत जे खेळ असायचे ते कायमचे. कंटाळा आला की यंत्र माळ्यावर. खेळ वेगळा आणि यंत्र वेगळं केलं, तर एकाच यंत्रावर कितीही खेळ खेळता येतील. ही कल्पना दुकानात विकता येईल अशा यंत्रात उतरवणाऱ्यांचे प्रमुख होते जेरी लॉसन.

लॉसन न्यूयॉर्कचे, जन्म १९४०. वडील गोदीत हमाली करत, पण त्यांना विज्ञानाच्या पुस्तकांचं वेड होतं. मुलगा लहानपणी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे टीव्ही दुरुस्त करून पैसे मिळवायचा. लॉसन कृष्णवर्णीय होते. सत्तरच्या दशकातल्या कॅलिफोर्नियाच्या चिप उद्योगात कृष्णवर्णीय इंजिनिअर अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ते फेअरचाइल्ड या कंपनीत होते. घरच्या गॅरेजमध्ये त्यांनी हौसेनं एक खेळ तयार केला होता. त्याची कुणकुण लागल्यावर कंपनीनं त्यांनाच व्हिडिओ गेम विभागाचं काम दिलं.

अल्पेक्स या छोट्या कंपनीतल्या वॉलेस किर्शनर आणि लॉरेन्स हॅस्केल यांनी बदलत्या खेळांचा एक नमुना तयार केला होता. फेअरचाइल्डनं तो घेतला. पण नमुना आणि वस्तू यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. विचार करा, इलेक्ट्रॉनिक्सची उघडी पट्टी तुम्ही एका सात वर्षांच्या पोराच्या हातात देणार. ते ती दिवसातून वीस वेळा काढणार, घालणार, यंत्र चालू असताना उपटणार. सतरंजीवर लोळून आलेल्या पोराच्या अंगात स्थिर वीज असते, तिनं चिप जळू शकते. शिवाय यंत्रातून निघणाऱ्या लहरींनी शेजारच्या रेडिओला त्रास होता कामा नये, असा सरकारी नियम. लॉसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक अडचण सोडवली आणि नोव्हेंबर १९७६ मध्ये ‘चॅनल एफ’ बाजारात आलं. त्यात खेळ मध्येच थांबवण्याचं बटणही होतं. आई जेवायला हाक मारते तेव्हा त्याची किंमत कळते.

चॅनल एफ फार चाललं नाही. पुढच्याच वर्षी अटारीनं आपलं कॅसेटवालं यंत्र आणलं आणि बाजार मारला. लॉसन यांचं नाव मागे पडलं. मार्च २०११ मध्ये खेळ निर्मात्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं त्यांचा गौरव केला. तोवर मधुमेहानं तब्येत पार खालावली होती. पुढच्याच महिन्यात, ९ एप्रिलला ते वारले. आयुष्यभराच्या कामावर नाव लागलं ते शेवटच्या महिन्यात.

अटारीच्या या यंत्राची तात्पुरती स्मरणशक्ती किती असावी? १२८ बाइट. म्हणजे १२८ अक्षरं. पोस्टकार्डावरच्या तीन-चार ओळी, किंवा आमच्या भाषेत सांगायचं तर जेमतेम एक शेर. पूर्ण पडद्याचं चित्र एकाच वेळी लक्षात ठेवायला जागाच नव्हती. टीव्हीचा किरण वरून खाली एकेक रेघ ओढत येतो. त्याच्या पुढे पुढे धावत, रेघ येण्याआधी ती तयार ठेवायची, असा खेळ लिहावा लागायचा. दोन ओळींत जग मांडायचं म्हणजे काय, हे ज्यानं शेर लिहिलाय त्याला विचारा. हे लोकही कवीच होते, असं मला वाटतं.

पण नाव? अटारी खोक्यावर खेळ लिहिणाऱ्याचं नाव छापत नसे. महिन्याचा पगार घ्या आणि गप्प बसा. खेळाच्या लाखो प्रती खपल्या तरी लेखकाला त्यातला पैसा नाही. १९७९ मध्ये चार चांगले लेखक बाहेर पडले आणि त्यांनी ‘ॲक्टिव्हिजन’ ही कंपनी काढली. तिथं खेळावर लिहिणाऱ्याचं नाव असायचं. अटारीत असलेल्या वॉरन रॉबिनेट यांनी दुसरी वाट काढली. ‘ॲडव्हेंचर’ नावाच्या खेळात किल्ले, अजगर, चाव्या असं सगळं होतं. त्यांनी गुपचूप त्यात एक चोरखोली बांधली. भिंतीच्याच रंगाचा एक ठिपका, सहज न दिसणारा. तो शोधायचा, उचलायचा, ठराविक जागी न्यायचा. मग भिंत वाट देते, आणि आतल्या खोलीत झगमगत्या रंगांत लिहिलेलं असतं, की हा खेळ वॉरन रॉबिनेट यांनी तयार केला आहे.

रॉबिनेट यांनी हे कुणालाही सांगितलं नाही. नोकरी सोडून गेले. पुढे एका पंधरा वर्षांच्या मुलाला ती खोली सापडली आणि त्यानं कंपनीला पत्र लिहिलं. तेव्हा साहेबांना कळलं! नाव काढून चिप नव्यानं करायला हजारो डॉलर लागले असते, म्हणून ते तसंच राहिलं. नंतर उघड झालं, की असं करणारे ते एकटे नव्हते. लॉसन यांच्या चॅनल एफवरच्या एका खेळातही १९७८ मध्ये लेखकानं आपलं आडनाव असंच लपवून ठेवलं होतं. माणसाला मक्ता लिहायला जागा दिली नाही, तर तो भिंतीत लिहितो.

१९८३ मध्ये अमेरिकेतला हा बाजार कोसळला. घाईघाईनं केलेल्या रद्दी खेळांचे ढीग दुकानांत पडून राहिले. ‘ई.टी.’ या सिनेमावरचा खेळ हॉवर्ड स्कॉट वॉर्शा यांच्याकडून अवघ्या पाच आठवड्यांत लिहून घेतला होता. न खपलेल्या कॅसेटी ट्रकांत भरून न्यू मेक्सिकोत जमिनीत पुरल्या. २०१४ मध्ये त्या उकरून काढल्या तेव्हा कुठे लोकांचा विश्वास बसला.

पण आमच्या मामूंच्या खोक्याचा वंश अमेरिकेतला नव्हे. तो जपानच्या क्योटो शहरातला. निंटेंडो ही कंपनी १८८९ ची, मूळ धंदा फुलांच्या चित्रांचे पत्ते छापण्याचा. नोव्हेंबर १९८१ मध्ये कंपनीचे मालक हिरोशी यामाउची यांनी मासायुकी उएमुरा या इंजिनिअरला रात्री घरी फोन केला. मालक थोडे प्यालेले होते, असं उएमुरांनी नंतर मुलाखतींत सांगितलं. हुकूम एवढाच, की कॅसेट घालून घरच्या टीव्हीवर खेळता येईल असं यंत्र कर. उएमुरांना वाटलं, सकाळी विसरतील. पण मालक विसरले नाहीत.

अट एकच, किंमत कमी हवी. मालकांना १० हजार येनच्या आतलं यंत्र हवं होतं. शेवटी ते १४,८०० ला गेलं, तरी त्या काळात स्वस्तच. या एका अटीनं यंत्राचं रूप ठरवलं. रिमोट यंत्रालाच कायमचे जोडले, कारण जोडणीचे सांधे महाग. चिप करून द्यायला मोठे कारखानदार तयार होईनात. रिको या कंपनीची यंत्रं रिकामी होती, पण तिनंही भाव जास्त सांगितला. तेव्हा यामाउचींनी दोन वर्षांत ३० लाख चिप घेण्याची हमी दिली. तोवर एकही खोकं विकलेलं नव्हतं! अंगठ्याखालचं अधिक चिन्हाच्या आकाराचं बटण गुन्पेई योकोई यांचं. ते कंपनीत आले पत्ते छापणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला. जुनं, स्वस्त, सरावाचं तंत्र घ्यावं आणि त्याचा कुणाला न सुचलेला उपयोग करावा, हा त्यांचा मंत्र. आपल्याकडच्या कुठल्याही मेकॅनिकला तो शिकवावा लागणार नाही.

नाव सुचवलं उएमुरांच्या पत्नीनं. ‘फॅमिली कॉम्प्युटर’ हे लांबलचक नाव लोक तोडून ‘फामिकॉम’ असंच म्हणतील, तर तेच ठेवा की, असं त्यांचं म्हणणं. १५ जुलै १९८३ रोजी यंत्र बाजारात आलं आणि थोड्याच दिवसांत तक्रारी यायला लागल्या. चौकोनी बटणं अडकत होती, एका चिपच्या दोषानं खेळ मध्येच गोठत होता. ऐन हंगामात यामाउचींनी माल परत बोलावून आतल्या पट्ट्या बदलून दिल्या. नवी बटणं गोल झाली. दोन वर्षांनी शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘सुपर मारिओ’ आला. हा सगळा खेळ ४० किलोबाइटचा. आज मोबाइलवर येणारा एक फोटोही त्याहून कितीतरी जड असतो. जागा वाचवायला काय केलं असेल? आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे. ढग पांढरा, झुडूप हिरवं, इतकाच फरक.

या मूळ खेळातही शेवटी कुणाचं नाव येत नाही. त्या काळी जपानमधल्या काही कंपन्या आपल्या लोकांना खरं नाव घालू देत नसत. दुसरी कंपनी त्यांना पळवून नेईल, ही भीती. मग ती मंडळी टोपणनाव घालायची. तखल्लुस हौसेनं घेतात हे ठाऊक होतं. सक्तीचं तखल्लुस मी इथं पहिल्यांदा पाहिलं.

उएमुरांच्या यंत्राचे पुढे जगभर ६ कोटींहून जास्त नग खपले. पण हे मूळ यंत्र जुन्या जालन्यात कुणी पाहिलंच नाही. आपल्याकडे आली ती नक्कल. तैवानमधल्या कारखान्यांनी फामिकॉमच्या चिपांसारख्या चिपा केल्या. मग सगळ्या मिळून एकच चिप झाली. तिला वेगळं कवच द्यायचा खर्च वाचवायला ती थेट पट्टीवर चिकटवून वर काळ्या रसायनाचा थेंब टाकला. मामूंनी पाहिलेला काळा ठिपका तो हाच! त्याच्या पोटात उएमुरांची दोन वर्षांची मेहनत होती. आपल्या बाजारात ही खोकी मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी आली आणि पुष्कळशी बिननावाचीच आली. परवाना घेतलेला मालही होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यात सेगाची यंत्रं आपल्याकडे शॉ वॉलेस ही मद्याच्या धंद्यातली कंपनी विकत होती. पण ती मोठ्या शहरांतली, मोठ्या घरांतली. आमच्या पोरांच्या वाट्याला ‘९९९९ खेळ’ लिहिलेली पिवळी कॅसेट. तिच्यात मोजून पंधरा-वीस खेळ, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या आकड्याखाली. आणि नक्कल करणाऱ्यांनी एक काम आवर्जून केलेलं असायचं. खेळाच्या पहिल्या पाटीवर मूळ कंपनीचं नाव आणि साल असे, ते बऱ्याचदा पुसून टाकलेलं.

इथं माझ्या मनाचे दोन तुकडे होतात. चोरी ती चोरीच. पण ती झाली नसती, तर रिक्षावाल्याच्या आणि स्टील कारखान्यातल्या मजुराच्या पोरानं मारिओ कधी पाहिलाच नसता. दोन-तीन वर्षांपूर्वी माझीच एक कविता माझ्या मोबाइलवर आली. खाली माझं नाव नव्हतं, ‘अनामिक’ असं लिहिलं होतं. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी पाठवणाऱ्याला फोन केला, तर ते एका खेड्यातले शिक्षक निघाले. त्यांनी ती कविता मुलांकडून पाठ करून घेतली होती. त्यांना मी काय बोलणार? एवढंच म्हणालो, ‘‘गुरुजी, मुलांना कवीचं नाव सांगाल का?’’ ते म्हणाले, ‘‘सांगतो की. माहीत असतं तर तेव्हाच सांगितलं असतं.’’ कविता परत मागायची नव्हतीच, नाव तेवढं हवं होतं. उएमुरांना विचारलं असतं तर तेही कदाचित हेच म्हणाले असते. निवृत्तीनंतर ते क्योटोच्या एका विद्यापीठात खेळांचा इतिहास शिकवत. ६ डिसेंबर २०२१ रोजी ते वारले. बेअर यांची पुण्यतिथीही तीच.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. कॅसेट चालली नाही की आपण तिच्यात फुंकर मारायचो. जपानपासून जालन्यापर्यंत सगळी पोरं हेच करत, कुणी न शिकवता. खरं तर फुंकरीनं काही होत नव्हतं. तोंडाच्या वाफेनं धातूच्या पट्ट्या गंजण्याचीच भीती. काम व्हायचं ते कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे. सांधा नव्यानं घट्ट बसायचा आणि श्रेय मात्र फुंकरीला. श्रेयाचा घोटाळा असा सगळीकडेच असतो.

कॅसेटचं राज्य संपलं ते भांडणातून. सोनी कंपनीतले केन कुतारागी यांनी निंटेंडोच्या पुढच्या यंत्रासाठी आवाजाची चिप केली होती, तीही स्वतःच्या साहेबांना न सांगता. दोन्ही कंपन्या मिळून सीडीवर चालणारं यंत्र करणार होत्या. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीनं तसं जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी निंटेंडोनं फिलिप्सशी हात मिळवल्याचं सांगितलं. चारचौघांत झालेल्या या अपमानातून ३ डिसेंबर १९९४ रोजी ‘प्लेस्टेशन’ जन्मलं. आज आपण त्याची पाचवी पिढी पाहतो आहोत.

आणि आता आपल्या राज्यातली गोष्ट. २०२० मध्ये पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूनं ‘राजी’ नावाचा खेळ केला. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली एक मुलगी, तिच्या पाठीशी दुर्गा, प्राचीन भारतातले महाल. हा खेळ त्या वर्षी ऑगस्टमध्ये निंटेंडोच्याच यंत्रावर सर्वांत आधी आला. उएमुरांच्या कंपनीच्या खोक्यावर पुण्याचा खेळ! माझ्या भाच्यानं मला तो दाखवला. मी त्याला म्हटलं, शेवटी नावं येतात ती दाखव. तो म्हणाला, ‘‘मामू, नावं कोण बघतं?’’ मी म्हटलं, आपण बघू.

मामूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात दुकानाची खोली रिकामी करताना ते पांढरं-लाल खोकं सापडलं. प्लॅस्टिक पिवळं पडलं होतं. मी भाच्याकडून स्क्रू काढून घेतले. हिरवी पट्टी होती, काळा ठिपका होता आणि मामूंनी लावलेला वायरीचा टाका अजून घट्ट होता. झाकण उजेडात धरलं, तर आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेली एक फिकट तारीख आणि तिच्याशेजारी एक उर्दू अक्षर. भाच्यानं विचारलं, ‘‘हे कुणाचं?’’ मी त्याला नाव सांगितलं.